दोन वर्षांच्या एचआर पदवीची फी भरण्याआधी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की फोंडा, म्हापसा, मडगावच्या बसस्थानकांच्या आसपास अभ्यासक्रमांचे फलक झळकू लागतात. पूर्वी त्यांत संगणक आणि हॉटेल मॅनेजमेंट असायचे. आता एचआर, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन, असते. सहा महिन्यांत एचआर, घरबसल्या एचआर, आणि अलीकडे परदेशी कॉलेजची दोन वर्षांची ‘असोसिएट डिग्री इन ह्युमन रिसोर्स मॅनेजमेंट’. या शेवटच्या प्रकाराविषयी विचारायला मुले आणि पालक माझ्याकडे येऊ लागले आहेत. प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा आपल्या दैनिकातून एकदाच सविस्तर सांगावे, म्हणून हे पत्र.

मी फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या कारखान्याच्या कार्मिक विभागात, म्हणजे एचआरमध्येच, नोकरी करते. फोंड्याला बी.कॉम. करून पुढे मुंबईत परळच्या नारायण मेघाजी लोखंडे श्रमविज्ञान संस्थेत शिकले आणि तेव्हापासून याच कामात आहे. हे काम मला मनापासून आवडते. मुलामुलींनी, विशेषतः खेड्यांतल्या मराठी शाळांत शिकलेल्या मुलींनी, या क्षेत्रात यावे असे मला वाटते. पण दोन वर्षांच्या कोणत्याही एचआर अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. इथले क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचे एकक, पुढे पूर्ण पदवीत धरले जाणार आहे का? आणि या दोन वर्षांत मला खऱ्याखुऱ्या कार्मिक कचेरीत बसून काम करायला मिळणार आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर अभ्यासक्रम घ्यावा. एकाचेही गुळमुळीत मिळाले तर घेऊ नये.

आमच्या वाड्यावरच्या एका मुलीने मला या विषयात नीट डोके घालायला लावले. तिचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला, पुढे विकला गेला. आता ते रिक्षा चालवतात. मुलगी वाणिज्य शाखेतून चांगल्या गुणांनी बारावी झाली. तिचा मामा न्यू जर्सीत असतो. त्याने तिकडच्या एका कम्युनिटी कॉलेजची माहिती पाठवली आणि घरात एकदम उत्साह पसरला. दोघे बापलेक माझ्याकडे आले. “मावशी, दोन वर्षांत डिग्री आणि लगेच एचआर ऑफिसर, खरं गे हे?” असे तिने विचारले. वडिलांचा प्रश्न वेगळा होता. “ताई, मी कर्ज काढीन, त्याचं काही नाही. पण परत आली तर इथं त्या कागदाला किंमत आहे का?” मला वडिलांचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी ही असोसिएट डिग्री आहे तरी काय ते पाहावे लागते.

असोसिएट डिग्री ही अमेरिकन शिक्षणपद्धतीतली पहिली पायरी आहे. साधारण ६० क्रेडिट, पूर्णवेळ शिकल्यास दोन वर्षे. ती बहुतांशी कम्युनिटी कॉलेजांत मिळते. स्थानिक रहिवाशांना ही कॉलेजे चार वर्षांच्या विद्यापीठांपेक्षा खूप स्वस्त पडतात. दिवसा नोकरी करणारी, मुले थोडी मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणारी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी माणसे तिथे येतात. अशा लोकांसाठी इतकी खुली व्यवस्था उभारली, याबद्दल मला त्या देशाचे कौतुक वाटते. एचआरच्या असोसिएट पदवीत इंग्रजी लेखन, गणित, मानसशास्त्राची ओळख, हिशेब असे सामान्य विषय असतात. त्यांच्या जोडीला भरती, प्रशिक्षण, वेतन व लाभ आणि नोकरीविषयक कायदा शिकवतात.

आता एक बारीक गोष्ट, जी माहितीपत्रकात शोधूनच वाचावी लागते. असोसिएट पदव्या एकसारख्या नसतात. एए (असोसिएट इन आर्ट्स) आणि एएस (असोसिएट इन सायन्स) या पदव्या पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याच्या हेतूने बांधलेल्या असतात. एएएस (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) ही थेट नोकरीसाठी असते आणि तिची सगळी क्रेडिट पुढचे विद्यापीठ धरेलच असे नाही. न्यू जर्सीत तर राज्यव्यापी करारच आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात एए किंवा एएस केली तर राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट तिसऱ्या वर्षात जाता येते. एएएसला तो करार लागू नाही. मामाने पाठवलेली माहिती आम्ही तिघांनी बसून वाचली तेव्हा तो अभ्यासक्रम एएएस निघाला. तीन अक्षरांत दोन वर्षांचा फरक पडतो, हे त्या मुलीला कोणी सांगितले नव्हते.

ही पदवी घेऊन तिकडे कोणते काम मिळते? एचआर असिस्टंट, वेतन विभागातला कारकून, भरतीच्या मुलाखतींचे वेळापत्रक लावणारा समन्वयक, अशी कामे. ही प्रामाणिक आणि शिकवणारी कामे आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण अमेरिकन सरकारच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या माहितीनुसार एचआर स्पेशालिस्टच्या पदासाठी सर्वसाधारणपणे बॅचलर पदवी लागते. म्हणजे दोन वर्षांत ‘ऑफिसर’ तिकडेही होता येत नाही. तिकडच्या व्यावसायिक संस्थांच्या प्रमाणपत्र परीक्षा असतात. त्यांतली एपीएचआर ही अनुभव नसलेल्या नवख्यांसाठी आहे आणि असोसिएटबरोबर ती दिली तर पहिली नोकरी मिळायला मदत होते. मात्र ही पूरक गोष्ट झाली. बॅचलर पदवीची जागा ती घेत नाही.

इथून शिकायला जाणाऱ्यासाठी व्हिसाचा प्रश्न आणखी कठीण आहे. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला शिक्षण संपल्यावर आपल्या विषयात सहसा एक वर्ष काम करण्याची परवानगी मिळू शकते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ती पुढे वाढवून मिळते, पण त्यासाठी पदवी किमान बॅचलर लागते आणि एचआर हा विषय सहसा त्या यादीत बसत नाही. तिकडे नोकरी करण्यासाठीच्या ज्या एच-वन-बी व्हिसाची गोव्यातल्या घराघरांत चर्चा असते, त्यालाही किमान बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. शिवाय कम्युनिटी कॉलेज स्वस्त असते ते त्या भागात राहणाऱ्याला. परदेशी विद्यार्थ्याला फी कितीतरी अधिक, वर राहण्याचा खर्च आणि विमा. रिक्षावर घर चालवणाऱ्या बापाने कर्ज काढावे, मुलीने दोन वर्षे शिकावे, एक वर्ष असिस्टंट म्हणून काम करावे आणि कर्ज अर्धेही फिटलेले नसताना परतावे, हे चित्र मी त्यांच्यापुढे स्पष्ट ठेवले. मामाला वाईट वाटले असेल. त्याचा हेतू चांगलाच होता.

कोणी लग्न होऊन तिकडे गेली असेल, कोणाला तिथले कायम वास्तव्य मिळाले असेल, तर गोष्ट वेगळी. अशा गोंयकार मुलींना मी उलट सांगते की घरात बसू नका, जवळचे कम्युनिटी कॉलेज गाठा, एए किंवा एएस निवडा आणि पहिल्याच दिवशी तिथल्या सल्लागाराकडून पुढच्या विद्यापीठात काय काय धरले जाईल ते लिहून घ्या. कॉलेजला मान्यता आहे का, हे अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. तेवढे तरी पाहिल्याशिवाय कोणत्याही ‘ऑनलाइन अमेरिकन डिग्री’ला पैसे पाठवू नयेत.

आता वडिलांचा प्रश्न. परत आली तर? आपल्याकडे पदवी म्हणजे किमान तीन वर्षांचे शिक्षण. दोन वर्षांची असोसिएट डिग्री आपल्या बी.कॉम. किंवा बी.ए.च्या बरोबरीची धरली जात नाही. सरकारी भरतीची जाहिरात ‘पदवीधर’ म्हणते तिथे ती चालणार नाही आणि पदव्युत्तर प्रवेशालाही चालणार नाही. खासगी कंपनी स्वतःच्या मर्जीने घेऊ शकते, पण तिथेही मुलाखतीला समोर माझ्यासारखे कोणीतरी बसलेले असते आणि आम्ही विचारतो ते तिकडे शिकवलेले नसते.

इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण पालकांना नेमके हेच ठाऊक नसते. गणित गोव्यात शिका की न्यू जर्सीत, ते बदलत नाही. एचआर बदलते, कारण त्याचा निम्मा भाग त्या त्या देशाचा कायदा असतो. अमेरिकेतले विद्यार्थी १९३८ चा किमान वेतन व कामाच्या तासांचा कायदा शिकतात. आठवड्याला ४० तासांवर काम झाले की दीडपट वेतन. आपल्या कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. ते १९९३ चा रजेचा कायदा शिकतात, त्यात बाळंतपणासाठी किंवा आजारासाठी १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते. आपल्याकडे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे. त्यांच्या जवळजवळ सर्व राज्यांत मालक कारण न देता माणसाला कामावरून कमी करू शकतो, फक्त ते वंश, धर्म, लिंग अशा भेदभावामुळे नसावे. म्हणून तिथल्या एचआरचे लक्ष १९६४ च्या नागरी हक्क कायद्याकडे लागलेले असते. आमच्याकडे कायम कामगाराला काढायचे तर आरोपपत्र, त्याचा खुलासा, खात्यांतर्गत चौकशी, त्याच्या बाजूने बोलायला सहकारी, साक्षी, उलटतपासणी, अहवाल, असे सगळे करावे लागते. एक टप्पा चुकला तर कामगार न्यायालय त्याला मागच्या पगारासह परत कामावर घ्यायला लावू शकते. चौकशी त्याला कळणाऱ्या भाषेत झाली नसेल तर तीही टिकत नाही.

त्यात आपले कायदेही नुकतेच पालटले आहेत. २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू लागली, कायम कामगाराला मात्र पाच वर्षांची अट आहेच. वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले तर वरचा भाग वेतनात धरायचा, त्यामुळे भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवण्याची जुनी युक्ती आता चालणार नाही. आमच्या विभागात या एका व्याख्येसाठी सगळी पगारपत्रके पुन्हा मांडावी लागली. ज्याला हे येते त्याची आज वेर्णा, कुंडई, मडकई, डिचोली, कुठल्याही वसाहतीत गरज आहे. मुलाखतीला येणारी मुले मात्र ‘टॅलेंट’, ‘एंगेजमेंट’, ‘कल्चर’ यांवर छान बोलतात आणि पगाराच्या चिठ्ठीवरचा पीएफचा आकडा कुठून आला ते सांगू शकत नाहीत. याचा दोष मी मुलांना देत नाही. त्यांना खरी पगाराची चिठ्ठी कोणी दाखवलेलीच नसते.

त्या आकड्यांना काय मोल असते, याचे एक उदाहरण देते. उसगावहून येणारी पॅकिंग विभागातली एक कामगार बाई ऑगस्टमध्ये पगारवाढ झाल्यावर माझ्याकडे रडत आली. तिला म्हणे पगारवाढ नको. तिचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, २१,००० च्या मर्यादेवर गेला होता आणि कोणीतरी तिला सांगितले होते की आता ईएसआय बंद, मडगावच्या ईएसआय रुग्णालयात चाललेले नवऱ्याचे उपचारही बंद. मी तिला कॅलेंडर काढून दाखवले. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर असतो. मध्येच पगार मर्यादेबाहेर गेला तरी सप्टेंबर संपेपर्यंत पाऊण टक्का कापला जातो, मालकाचे सव्वातीन टक्केही भरले जातात. आणि त्या वर्गणीवर पुढच्या जानेवारीपासून जूनपर्यंत उपचार मिळतात. म्हणजे तिच्याकडे दुसरी सोय करायला पुढचा जून संपेपर्यंत वेळ होता. तोवर आम्ही कंपनीच्या गट विम्यात तिच्या नवऱ्याचे नाव घातले. तिने पगारवाढ घेतली. या कामात मला समाधान मिळते ते अशा दिवशी.

हे कोणत्या पुस्तकात आहे? नियम पुस्तकात आहे. पण रडणाऱ्या बाईला कॅलेंडर दाखवून, तिच्या बोलीत, तिला पटेल असे सांगणे कार्मिक कचेरीत बसूनच शिकता येते. तसेच चतुर्थीचे. आमच्या कारखान्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याचे कामगार आहेत आणि दोडामार्ग, सावंतवाडीहून दुचाकीवर येणारे पुष्कळ. चतुर्थीला सगळ्यांना एकाच दिवशी रजा हवी असते, कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाचा सात. औषधांचे उत्पादन तर मध्येच थांबवता येत नाही. कोणाला आधी सोडायचे, ओडिशा-झारखंडच्या मुलांना त्या काळात जास्त शिफ्टा दिल्या तर दिवाळी-छटला त्यांना कशी भरपाई द्यायची, चतुर्थीआधी हातात पैसे कसे पडतील, हे आषाढातच कागदावर मांडावे लागते. युनियनचे पदाधिकारी, शिफ्टचे सुपरवायझर, कंत्राटदार, सगळ्यांशी बोलावे लागते. ज्या वर्षी हे नीट जमते त्या वर्षी पुढचे सहा महिने कारखाना शांत चालतो. मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात ते माझ्या लेखी हेच आहे.

म्हणून माझा आग्रह आहे की दोन वर्षांचा मार्ग घ्यायचाच असेल तर तो इथेच घ्यावा, आणि तो आपल्याकडे आता आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२३-२४ पासून पदवीची रचना बदलली. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात दोन वर्षांची ८० क्रेडिट झाली आणि चार क्रेडिटचे व्यावसायिक प्रशिक्षण केले की पदविका घेऊन बाहेर पडता येते. तीन वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे सुरू करता येते आणि एकूण सात वर्षांत ते पूर्ण करायचे असते. क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन खात्यात, जमा राहतात. घरात अडचण आली, बाप आजारी पडला, नोकरी चालून आली, तरी दोन वर्षे फुकट जात नाहीत. खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी मुलांनी कॉलेज अर्ध्यावर सोडले. त्यांच्या वेळी अशी सोय असती तर आज त्यांतले काहीजण परत बाकावर बसले असते, असे मला फार वाटते.

मुलांनी हेही लक्षात ठेवावे की वरच्या पदांना पदवीही पुरत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमायला सांगितले होते, नव्या संहितेत ती संख्या २५० वर आली आहे. म्हणजे या जागा वाढणार. बहुतेक राज्यांच्या नियमांत या पदासाठी पदवी, तिच्यावर कामगार कल्याण किंवा समाजकार्याचे मान्य शिक्षण आणि कामगारांच्या बहुसंख्येची भाषा एवढे सगळे मागितले जाते. मराठी-कोकणीत वाढलेल्या आपल्या मुलांना भाषेची अट वेगळी शिकावी लागत नाही. परळच्या संस्थेसारखी ठिकाणे यासाठीच आहेत. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या लोखंड्यांचे नाव त्या संस्थेला आहे, आणि तिथे शिकताना आम्हाला कामगार आधी माणूस म्हणून दिसायचा, मग आकडा म्हणून. इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. पण या सगळ्यांच्या दारात आधी पदवी लागते. दोन वर्षांवर थांबणाऱ्याला हे दार बंदच राहते, म्हणून थांबलात तरी परत या.

कॉलेजांना आणि उद्योजकांनाही दोन शब्द लिहिते. पदविकेच्या त्या चार क्रेडिटसाठी मुलांना वर्गातच एखादे सॉफ्टवेअर शिकवून मोकळे होऊ नका. मी काही प्रशिक्षणार्थींच्या वह्या पाहिल्या आहेत. ‘इंडस्ट्री व्हिजिट’ म्हणून त्यांना कारखान्यात एक फेरी मारून आणले, चहा-सामोसा दिला आणि फोटो काढला, एवढेच त्यांत होते. मुलांची एक उन्हाळी सुट्टी यात जाते, आणि गरिबाच्या घरी त्या सुट्टीत दुकानात काम करून फी जमवायची असते. त्यांचा एक दिवसही वाया घालवण्याचा आपल्याला हक्क नाही. दीड-दोन महिने हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात बसवा. हजेरीवरून पगारपत्रक कसे उभे राहते ते बघू द्या. १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८०० पीएफ, हे त्यांनी स्वतः कापावे. निवृत्त होणाऱ्याचा हिशेब त्यांच्यापुढे मांडा. शेवटचे वेतन २६,००० आणि नोकरी २० वर्षे, तर वेतनाला १५ भागिले २६ ने आणि मग वर्षांनी गुणून ग्रॅच्युइटी ३ लाख होते. तो आकडा काढून देताना समोरच्या माणसाचा चेहरा त्यांनी पाहिला पाहिजे. एकदा पणजीत पाटोला कामगार खात्याच्या श्रमशक्ती भवनात समेटाच्या बैठकीला नेऊन मागे बसवा. युनियन आणि व्यवस्थापन एका टेबलावर कसे बोलतात आणि कामगार खात्याचा अधिकारी दोघांना कुठे थांबवतो, हे एका दुपारी जेवढे कळते तेवढे एका सत्रात कळत नाही.

गोपनीयतेची अडचण आहे, ती मी नाकारत नाही. लोकांचे पगार, आजार, तक्रारी मुलांसमोर उघड्या करता येत नाहीत. महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींचे कागद तर २०१३ च्या कायद्याने कडक गोपनीय आहेत. पण नावे झाकून पगारपत्रक शिकवता येते, जुनी निकाली चौकशी नावे बदलून वाचायला देता येते. आम्ही नव्या कारकुनांना तसेच शिकवतो. आणि ज्या मुलाला आपण काय वाचले ते बाहेर बोलायचे नाही हे पहिल्या महिन्यातच कळते, तोच या कामाला लायक ठरतो.

प्रशिक्षणार्थी घेणे कारखान्यांना जड जाऊ नये. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनाला अप्रेंटिसशिप कायद्याखाली एकूण संख्येच्या किमान अडीच टक्के प्रशिक्षणार्थी घ्यावेच लागतात. आपण ते सगळे मशीनवर लावतो. त्यांतले एक-दोन कार्मिक विभागात द्यावेत, त्यांना रीतसर विद्यावेतन मिळावे. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी मनावर घेतले तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हे करता येईल.

आमच्या वाड्यावरच्या मुलीने फोंड्याच्या कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश घेतला आहे. मामाने फीसाठी ठेवलेल्या पैशांतून तिला लॅपटॉप घेऊन दिला. अमेरिकेचे स्वप्न तिने सोडलेले नाही, आणि मीही तिला सोडायला सांगितले नाही. इथली पदवी हातात घेऊन तिकडे पदव्युत्तर शिक्षणाला गेली तर व्हिसाचे आणि नोकरीचे गणित सगळेच वेगळे होईल.

आमच्या व्यवस्थापनाशी मी बोलले आहे. येत्या एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना आमच्या कार्मिक विभागात घेण्यास त्यांनी संमती दिली आहे. विद्यावेतन मिळेल, कॅन्टीनचे जेवण मिळेल, कंपनीची बस फोंडा आणि डिचोलीहून येते. मुलींना प्राधान्य देण्याची माझी इच्छा आहे, पण अट नाही. ज्या कॉलेजांना आपले विद्यार्थी पाठवायचे असतील त्यांच्या प्राचार्यांनी आपल्या कार्यालयाकडे पत्र द्यावे आणि आपण ते कृपया माझ्याकडे पोचवावे, अशी विनंती करते.

आपली,
एक वाचक, कार्मिक अधिकारी
म्हार्दोळ, फोंडा – गोवा